कळलावी: वाळली म्हणजे मेली नव्हे

तुमचा प्रश्न असा आहे. धायरीच्या तुमच्या प्लॉटच्या कुंपणावर या पावसाळ्यात आपोआप एक वेल चढली. तिच्या पानांची टोकं निमुळती होत गोल वळलेली आहेत आणि गेल्या आठवड्यात तिला खालून पिवळं, वर लाल असं एक फूल आलं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही कळलावीचा म्हणून एक कंद विकत आणून गच्चीवर कुंडीत लावला होता. तो पहिल्या पावसाळ्यात छान फुलला, दिवाळीनंतर वाळला. तुम्ही रोज पाणी घालत राहिलात, तरी पुढच्या जूनमध्ये काहीच उगवलं नाही. आता कुंपणावरची वेल तीच आहे का, ती कायमची कशी टिकवायची, आणि घरात चार वर्षांची नात असताना, शिवाय सासूबाई "ही लावली की घरात भांडणं होतात" म्हणत असताना ती ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय.

वेल कळलावीचीच आहे. ती ठेवा, पण नातीच्या बाबतीत खाली लिहिलंय ते पाळूनच. आणि कुंडीतला कंद बहुधा तुम्ही हिवाळाभर घातलेल्या पाण्याने कुजला. गेली 26 वर्षं मी पुण्यात देशी झाडांची रोपवाटिका चालवते. दर जुलैला कुणीतरी रिकामी कुंडी घेऊन हीच तक्रार करत येतं. उन्हाने, थंडीने, किडीने मेलेल्या कळलाव्या मी पाहिल्यात, पण पाण्याने मेलेल्या त्याच्या कितीतरी पट जास्त.

आधी ओळख पक्की करू. खूण पानाच्या टोकाला आहे. काकडी, दोडका यांचे ताणे पानाच्या बगलेतून, खोडापासून फुटतात. घोटवेलीला देठाच्या बुडाशी ताण्यांची जोडी असते. कळलावीला वेगळा ताणाच नसतो. पान स्वतःच पुढे बारीक होत जातं आणि त्याचं टोक स्प्रिंगसारखं वळून मिळेल त्या काडीला धरतं. पानाला देठ नाही, ते थेट खोडावर बसतं. कधी एकेक, कधी समोरासमोर, कधी एका पेरावर तीन. शिरा बांबूच्या पानासारख्या सरळ. खोड हिरवं, गुळगुळीत, पेन्सिलीहून बारीक आणि फार ठिसूळ.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: जमिनीलगतच्या पहिल्या पाच-सात पानांची टोकं वळत नाहीत. जूनमध्ये कोंब वीतभर असतो तेव्हा तो साध्या रुंद गवतासारखा दिसतो आणि माळीबुवा त्याला तणाबरोबर खुरपून काढतात. पुण्यातल्या किती बागांतून कळलावी अशी न ओळखताच गेली असेल!

फूल एकदा पाहिलं की चूक होत नाही. कळी हिरवी, मान खाली घातलेली. उमलताना सहाही पाकळ्या उलट्या फिरून वर जातात, कडांना झालरीसारख्या चुण्या. पहिल्या दिवशी रंग पोपटी-पिवळा, मग टोकांकडून लाली उतरत येते आणि आठवड्याभरात सगळं फूल लालबुंद होतं. त्यामुळे भर श्रावणात एकाच वेलीवर पिवळं, अर्धं पिवळं-अर्धं लाल आणि गर्द लाल अशी तीन वयांची फुलं शेजारी शेजारी दिसतात. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच. उद्या सकाळी फुलाच्या खाली बसून वर पाहा. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले दिसतील आणि मधल्या बीजकोशाच्या बुडापासून निघालेली एक दांडी काटकोनात मोडल्यासारखी बाजूला गेलेली दिसेल. ती स्त्रीकेसराची दांडी. तिचं टोक स्वतःच्या परागांपासून असं दूर असतं, म्हणून मोठी फुलपाखरं किंवा शिंजीर पक्षी येऊन गेल्याशिवाय बी सहसा धरत नाही. ही वाकडी दांडी दिसली की ओळखीबद्दल शंका ठेवू नका.

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनिअसने 1753 मध्ये दिलेलं हे नाव अजून टिकून आहे. जुन्या पुस्तकांत ती लिलीच्या कुळात सापडेल, आता तिला कोल्चिकेसी कुळात घालतात. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती रानात आपली आपण वाढते. झिंबाब्वेचं ते राष्ट्रीय फूल आहे आणि तामिळनाडूचं राज्यफूल. आपल्याकडे कोकणात, घाटमाथ्यावर आणि पुण्याभोवतीच्या डोंगरउतारांवर, करवंदीच्या नि घाणेरीच्या जाळ्यांतून ती वर डोकं काढते. सिंहगडाच्या वाटेवर तुमचं घर आहे, त्यामुळे ती कुंपणावर दिसली याचं मला जराही नवल वाटलं नाही.

तरी ती आली कुठून, हे शोधण्यासारखं आहे. प्लॉट सपाट करताना डोंगराकडचा मुरूम भरावाला टाकला असेल तर त्यातून कंद आला असेल. नाहीतर बी पडलं असेल. बी असेल तर ही वेल "या पावसाळ्यात" आलेली नाही. कळलावीला बियांपासून पहिलं फूल यायला साधारण तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे तीन-चार पावसाळे ती तिथे गवतासारखी उगवून, वाळून, पुन्हा उगवत होती आणि तुम्हाला दिसली ती आत्ता. कुंपणालगतचं तण दरवर्षी साफ करत नसाल, तर त्यामुळेच ती वाचली.

तुम्ही विकत आणलेला कंद आणि ही वेल एकच असेलच असं नाही. बाजारात बरेचदा रॉथशिल्डियाना नावाचा प्रकार मिळतो. तो मूळचा आफ्रिकेकडचा. त्याच्या पाकळ्या रुंद, लाल भडक, कडेला पिवळी किनार आणि चुण्या कमी. आपल्या रानातलीच्या पाकळ्या अरुंद, चुण्या दाट. बाजारातलंही फूल देखणंच आहे, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या दारात डोंगराची आपली कळलावी स्वतःहून आली असेल, तर मी जीव लावीन तो तिच्यावर.

आता भांडणाचं. सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. कळ म्हणजे वेदना आणि कळ म्हणजे भांडणही. "कळ लावणं", "कळलाव्या" हे शब्द आपण रोज वापरतो. झाडाला नाव पडलं ते पहिल्या अर्थावरून. बाळंतपण अडलं की प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी हिच्या कंदाचा लेप लावत. भांडणाची समजूत नावातल्या दुसऱ्या अर्थावरून चिकटली असावी. मला वाटतं, त्या समजुतीने एक मोठं काम केलं: रांगत्या पोरांच्या घरापासून एक जहाल विषारी झाड लांब ठेवलं. सासूबाईंना असं सांगून पाहा, आणि हेही सांगा की कोकणात याच फुलाला "गौरीचे हात" म्हणतात, भाद्रपदात गौरी सजवताना ही फुलं वापरतात. खाली झुकलेल्या फुलाच्या वर गेलेल्या पाकळ्या पाहिल्या की हातच आठवतात. तिकडे दूर तमिळ संगम काव्यातही बायकांच्या बोटांना याच फुलाची उपमा दिलेली आहे. दोन प्रांतांना एकाच फुलात हात दिसावेत, हे मला दर श्रावणात नव्याने हरखून टाकतं. माझ्या अनुभवात "भांडणं होतात" म्हणणाऱ्या आजीबाईच "गौरीचे हात" ऐकल्यावर फुलाजवळ जाऊन उभ्या राहतात.

पण विषाचं गांभीर्याने घ्या. कळलावीच्या प्रत्येक भागात कोल्चिसीन असतं. कंदात आणि बियांत ते खूप. हे रसायन पेशींचं विभाजन थांबवतं. गाऊटवर (सांधे सुजून दुखण्याच्या आजारावर) डॉक्टर त्याची अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी देतात, यावरून किती थोडं पुरतं ते समजा. आयुर्वेदात ही लांगली म्हणून उपविषांत मोजली आहे आणि शोधन, म्हणजे विष उतरवण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. लांगल म्हणजे नांगर, कंदाच्या आकारावरून पडलेलं नाव. घरगुती औषध म्हणून हिचा लेप, काढा, उगाळण काहीही करू नका, कुणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

खरा धोका कंदाचा आहे, कारण तो रताळ्यासारखा, कणगरासारखा दिसतो. पोटात गेला तर काही तासांत तोंड-घसा भाजतो, उलट्या-जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय, रक्त यांवर परिणाम दिसू लागतो. त्या मधल्या "बरं वाटण्या"वर विसंबू नका. संशय जरी आला तरी घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवायचा नाही. सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं आणि झाडाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्यायचा. कुत्रा, मांजर, शेळी, गाय यांनाही ती तितकीच घातक.

म्हणून नातीसाठी मी इतकं करीन. वेल तिच्या हाताला न लागेल अशी, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने किंवा मधे बुटकी जाळी लावून ठेवा. ऑक्टोबरात बोंडं तडकली की आत लाल-केशरी बिया रांगेने चमकतात, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या. चार वर्षांच्या पोराला फुलापेक्षा त्या जास्त ओढतात. बी धरायचं नसेल तर कोमेजलेली फुलं खुडून टाका, प्रश्नच मिटतो. रताळी, आलं, हळद, सुरण यांच्या वाफ्यात किंवा शेजारी कळलावी कधीच लावू नका. दोन वर्षांनी कुठला कंद कुठला हे घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही. कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. फुलं गौरीला जरूर वाहा, फक्त नैवेद्याच्या ताटात ठेवू नका. आणि हे सगळं करूनही नात अजून मिळेल ते तोंडात घालण्याच्या सवयीची असेल, तर दोन-तीन वर्षं वेल मोकळ्या प्लॉटच्या लांबच्या कोपऱ्यातच राहू द्या, अंगणात आणू नका.

आता वाढवायचं कसं, त्याची सगळी गोम कंदात आहे.

कळलावीचा कंद बोटाएवढा जाड, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा. दोन भुजा आणि मधे कोपरा. गेल्या फेब्रुवारीत मी एक कुंडी उपडी केली तेव्हाचं सांगते. वरची माती भुसभुशीत कोरडी होती. सहा इंचांवर बोटाला काहीतरी गार लागलं. ब्रशने माती झाडली तर बदामी रंगाचा व्ही, एक भुजा वीतभर, दुसरी तिच्या निम्मी. कोपऱ्यापाशी जुन्या खोडाचा वाळका खुंट आणि त्याला चिकटलेली एक सुरकुतलेली रिकामी साल. ती साल म्हणजे आदल्या वर्षीचा कंद. तो पावसाळाभर वेलीला पोसून संपला होता आणि त्याच्या जागी वेलीने नवा कंद घडवला होता. दरवर्षी असंच होतं. आपण "बारमाही" म्हणतो खरं, पण जमिनीखाली दर सालाला नवा कंद असतो.

आणि डोळा कुठे असतो? भुजेच्या अगदी टोकाला, एकच. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. ते टोक मोडलं तर ती भुजा बहुधा वाया. पहिल्या वर्षी ओळखीच्या एका शेताच्या बांधावरून मी कुदळीने एक कंद काढला, दोन्ही टोकं तुटली. मी तो तुकड्या-तुकड्याने लावला आणि जूनभर वाट पाहिली. एकही उगवला नाही. तेव्हापासून कळलावीजवळ मी कुदळ नेत नाही, हाताने आणि पळीने माती काढते.

डोळा टोकाला असल्याचा आणखी एक परिणाम आहे, तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. पुढच्या वर्षी कोंब फुटतो तो गेल्या वर्षीच्या जागी नव्हे. भुजेच्या टोकातून, म्हणजे वीतभर बाजूला. दोन्ही भुजा फुटल्या तर दोन कोंब दोन दिशांना. दर वर्षी थोडी थोडी वेल जमिनीखालून सरकत जाते. गेल्या वर्षी होती त्या जागी ती न दिसल्याने लोक "गेली" म्हणून तिथेच दुसरं काही लावायला खणतात आणि फूटभर अलीकडच्या जिवंत कंदावर फावडं मारतात.

माती निचऱ्याची हवी. पुण्यात जिथे काळी चिकण माती आहे, तिथे जमिनीत थेट लावू नका. फूटभर उंचीचा वाफा करा किंवा कुंडी घ्या. डोंगरावर ती मुरुमात वाढते, पाणी तिच्या पायाशी थांबत नाही. कुंडीला मी दोन भाग तांबडी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग कुजलेला पालापाचोळा घेते. कुंडी किमान 12 ते 14 इंच तोंडाची आणि तितकीच खोल. कोकोपीटवर भर देऊ नका. आपल्या पावसात ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि कंदाला तेच नको असतं. कंद आडवा ठेवायचा, दोन-तीन इंच माती वर. लावण्याची वेळ मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. कंदाची झोप संपत आलेली असते, वळवाचा एखादा पाऊस पडला की कोंब सरकतो. त्या वेळी गोगलगायींवर लक्ष ठेवा. शेंडा एकदा खाल्ला गेला की त्या वर्षीचं फूल बहुतेक गेलंच.

ऊन भरपूर, पण पायाशी सावली. रानात ती झुडपांच्या सावलीत उगवते आणि डोकं उन्हात काढते. तुमच्या कुंपणावर तिला ते आयतं मिळालंय, म्हणूनच ती तिथून हलवू नका. पायाशी आघाडा, गवत काही असेल तर मुळासकट उपटू नका, वरवर कापा.

आधाराची चूक सगळेच करतात. जाड बांबू रोवतात आणि वेल त्याच्या बाजूने खाली कोसळते. पानाचं टोक किती मोठं वेटोळं घालणार? त्याला धरायला काडी लागते, बोटाहून जाड काही ते पेलत नाही. मी तुराट्या वापरते. तुरीचं पीक निघाल्यावर मंडईकडच्या शेतकऱ्यांकडून एक भारा आणून ठेवते आणि जूनमध्ये कोंबाभोवती रोवते. बारीक फांद्यांचं जाळं असल्याने वेल पान-पान पकडत सहा-सात फूट चढते, आणि तिला बांधावं लागत नाही. कुक्कुटपालनाची जाळीही चालते. सुतळीने खोड बांधायला जाऊ नका, ते मोडतं.

खत फार नको. कोंब हातभर झाला की दोन मुठी जुनं शेणखत किंवा गांडूळखत, कळ्या दिसायला लागल्या की चिमटीभर लाकडाची राख मातीत मिसळून. बास. युरिया घातला तर पानंच पानं येतील.

पाऊस चालू असताना पाण्याची चिंता नाही. ऑगस्टात पावसाने आठवडाभर उघडीप दिली तर कुंडीला दिवसाआड पाणी द्या, जमिनीतल्या वेलीला दोनदा.

जुलै-ऑगस्टात एक सकाळ अशी येते की काल हिरवी असलेली वेल आज फक्त दांड्या उरलेली दिसते. पानं उलटून पाहा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी-लाल डाग असलेल्या अळ्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या, टोळीने बसलेल्या असतील. हिला लिलीची अळी म्हणतात. शास्त्रीय नावात कळलावीच आहे: पॉलिटेला ग्लोरिओसी. तुमच्याकडे स्पायडर लिली असेल तर आधी तिच्यावर दिसेल, मग ही इकडे येईल. कळलावीचं विष तिला बाधत नाही. फवारणी करण्याआधी चिमट्याने वेचा, साबणाच्या पाण्यात टाका, सलग चार दिवस सकाळ-संध्याकाळ. मी गेली कित्येक वर्षं एवढ्यावरच भागवते. वेल मोठी असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या; तिचा पतंग नारिंगी-काळ्या नक्षीचा, पाहण्याजोगा असतो.

आता झोपेबद्दल, कारण तुमची कुंडी तिथेच गेली. सप्टेंबर संपता संपता पानं पिवळी पडायला लागतात. ही बिघाडाची खूण नाही. पानांतलं अन्न खाली नव्या कंदात उतरत असतं. तेव्हा पाणी कमी करत न्या, पण पिवळी पानं किंवा खोड कापू नका. दिवाळीपर्यंत वेल कडकडीत वाळते. मग खोड हलकेच ओढा; सहज सुटून हातात आलं तर खालचा कंद झोपला. त्या दिवसापासून मेच्या मध्यापर्यंत पाण्याचा एक थेंब नाही. कुंडी असेल तर भिंतीच्या आडोशाला आडवी करून ठेवा, म्हणजे गच्ची धुताना किंवा अवकाळी पावसात त्यात पाणी साचणार नाही. ठिबकच्या नळ्या असतील तर त्या कुंडीचा ड्रिपर बंद करा; बहुतेक गच्च्यांवर कंद कुजतात ते याच ड्रिपरने. जमिनीतल्या कंदावर वाळका पाला पसरा, एप्रिलच्या उन्हात माती तापणार नाही.

तुमची जुनी कुंडी अजून फेकली नसेल तर उपडी करून पाहा. कंद तपकिरी, मऊ, वास मारणारा असेल तर तो गेला. पण दाबून घट्ट लागला, नखाने साल खरवडल्यावर आत पांढरट दिसला, तर कोरड्या वाळूत ठेवा आणि मेमध्ये पुन्हा लावा. एखादा कंद एक पावसाळा न उगवता तसाच पडून राहतो आणि पुढच्या वर्षी फुटतो, असं माझ्याकडे दोन-तीनदा झालंय.

एकाची दोन करायची असतील तर ती जानेवारीत. कंद अलगद काढा, व्ही कोपऱ्यावर मोडा, दोन्ही भुजांची टोकं सांभाळा, मोडलेल्या जागी राख लावून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. बियांचा रस्ता लांबचा आहे. बोंडातल्या बिया सुकवून पुढच्या मे-जूनमध्ये रोवायच्या. काही महिन्याभरात उगवतात, काही वर्षाने. पहिल्या वर्षी गवताची दोन पानं आणि खाली शेंगदाण्याएवढा कंद, इतकंच. घाई नसेल तर जरूर करा, नाहीतर कंद बरा.

एक विनंती आहे. डोंगरावरून कंद उपटून आणू नका, आणि कुणी "सिंहगडावरून काढलाय" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. राखीव जंगलातून असं काही काढणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. आणि औषधी म्हणून हिचे कंद इतके उपसले गेले आहेत की माझ्या ओळखीच्या काही उतारांवर जिथे जुलैत दहा वेली मोजायचे, तिथे आता एक-दोन सापडतात. कुठे विकत घ्यायचाच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेला घ्या आणि विचारून घ्या. तुमच्याकडे तर दारातच आहे.

या आठवड्यात करायचं एकच काम. वेल हिरवी आहे तोवर खोडाच्या बुडाशी एक पक्की खूण ठोका: लोखंडी सळईचा तुकडा, रंगवलेला दगड, काहीही. मग त्या खुणेभोवती सगळ्या बाजूंनी दीड फुटाचं वर्तुळ विटांनी आखा आणि माळीबुवांना त्या वर्तुळाजवळ उभं करून सांगा की दिवाळीनंतर इथे काही दिसणार नाही, तरी मे संपेपर्यंत आत खुरपं घालायचं नाही आणि पाइपही सोडायचा नाही. जूनमध्ये पहिला कोंब खुणेपासून किती इंच सरकला ते मोजून मला कळवा.